सारथ्याचे दप्तर

नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलेल्या यात्रेकरूला पहिला प्रश्न विचारला जातो तो गावाचा. आडनाव कोणते, मूळ गाव कोणते, एवढे सांगितले की त्यास योग्य त्या तीर्थोपाध्यायाच्या घरी पोहोचविले जाते, आणि तेथे जुनी वही सोडून आजोबा-पणजोबांच्या भेटीची नोंद त्याच्यापुढे ठेवली जाते. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी हा अनुभव घेतला असेल. या व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. सर्व कुळांची मिळून एकच वही कोणापाशीही नाही. कोणत्या गावची वही कोणाकडे, एवढीच माहिती सर्वांना असते. बाकीचा तपशील ज्याच्या त्याच्या घरी. तरीही गोव्यातून चार पिढ्यांपूर्वी बाहेर पडलेल्या घराण्याचा माणूस सुरतेहून आला तरी त्याची नोंद हुकत नाही. वारसाच्या दाव्यांत अशा वह्या न्यायालयांपुढे पुरावा म्हणून आलेल्या आहेत, हे आम्हा वकिलांना ठाऊक आहेच.

त्याच यात्रेकरूंना सापुताऱ्याचा घाट चढून घेऊन आलेला बसचा चालक मात्र तेवढा वेळ बाहेर गाडीच्या सावलीत आडवा झालेला असतो. चाळीस-पन्नास जीव रात्रभर ज्याच्या हाती होते, त्याची वही कोणी उघडीत नाही. त्याच्या हातून पूर्वी कोठे माणूस चिरडला गेला आहे काय, मद्याच्या अमलाखाली तो कोठे सापडला आहे काय, कोणा न्यायालयाने त्याचा परवाना काही काळ काढून घेतला होता काय, हे विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. आणि कोणी विचारलेच असते तरी उत्तर कोणत्या दप्तरात सापडेल हे फार काळपर्यंत कोणास सांगता आले नसते. असे का झाले याचा इतिहास सुरतेत बसून जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. हा मुलूखच सीमांचा.

सुरतेहून खानदेशात जाणारा रस्ता फार जुना. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या बारडोली, नवापूर, नंदुरबार या मार्गाने बुऱ्हाणपुराकडे गेला आणि त्याने मुक्कामांची नावे लिहून ठेविली. पुढे सोनगडचा किल्ला गायकवाडांचे मूळ ठाणे झाला आणि त्याभोवतीचा मुलूख बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडू लागला. इंग्रजांनी १७५९ साली सुरतेचा किल्ला घेतला, १८०० साली सारा कारभार घेतला. परंतु शहराच्या वेशीबाहेर त्यांचा आणि गायकवाडांचा मुलूख एकमेकांत असा गुंतलेला होता की नकाशा पाहणारास गोधडी पाहिल्याचा भास व्हावा. बारडोली इंग्रजांची, व्यारा व सोनगड गायकवाडांचे, नवापूर पुन्हा इंग्रजी खानदेशातले. दक्षिणेस नवसारी गायकवाडी. बाजूला सचिन, वांसदा, धरमपूर ही लहान संस्थाने. आणि समुद्रकाठी दमण पोर्तुगीजांचे.

मोटार आली ती या गोधडीवर.

मोटारीबरोबर तिचा कायदाही विलायतेहून आला. इंग्लंडात १९०३ सालच्या मोटार कायद्याने चालकास परवाना सक्तीचा केला आणि दोषी ठरलेल्या चालकाच्या परवान्यावर न्यायालयाने शेरा लिहावा असे ठरविले. त्या शेऱ्याची नक्कल परवाना देणाऱ्या कौन्सिलकडे पाठवावी, असेही त्याच कलमात होते. हिंदुस्थानात प्रथम निरनिराळ्या इलाख्यांनी आपापले कायदे केले. १९१४ साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानाकरिता एक कायदा झाला. आणि १९३९ साली त्याच्या जागी जो विस्तृत अधिनियम आला त्यात शेऱ्याची ही पद्धत पूर्णपणे मांडली गेली. न्यायालयाने अपात्र ठरविलेल्या चालकाच्या परवान्यावर शेरा लिहावा; त्याने नवा अथवा दुय्यम परवाना घेतला तर जुना शेरा त्यावर उतरवावा.

या योजनेतील कच्चा दुवा आजच्या वाचकास सहज दिसेल. चालकाचा अपराध लिहिला जातो कोठे, तर चालकाच्याच खिशातील पुस्तिकेत. ती पुस्तिका हरवली, पाण्यात भिजली, किंवा मालक विचारतो म्हणून घरी ट्रंकेच्या तळाशी गेली, की तिच्याबरोबर शेराही गेला. नक्कल पाठविण्याची तजवीज होती ती याच भीतीने. परंतु नक्कल जावयाची ती परवाना देणाऱ्या कार्यालयास, आणि माणूस नवा परवाना मागावयाचा तो दुसऱ्याच कार्यालयात. इंग्लंडसारख्या एकछत्री देशात हा दोष निभावून जाई. येथे सुरतेहून व्याऱ्यास गेलेला चालक तासा-दोन तासांत दुसऱ्या राजाच्या अमलाखाली जाई, जेथे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा आपोआप लागू नव्हता.

गोव्याचे उदाहरण येथे आठवते. पोर्तुगालने १९२८ साली आपल्या देशातील वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूस नेली. गोव्यात मात्र ती डावीकडेच राहू दिली. कारण उघड होते, शेजारी बेळगाव-कारवारकडची सारी वाहतूक डावीकडून चाले, आणि सीमेवर येऊन बाजू बदलणे म्हणजे रोज अपघातास आमंत्रण. एवढ्या मोठ्या साम्राज्यास सीमेपलीकडच्या रस्त्याशी जुळवून घेण्याचे शहाणपण सुचले. रस्ता कोणत्या बाजूने चालवावा याविषयी दोन परकी सरकारे न बोलता एकमत होऊ शकली; रस्ता कोणी चालवावा याविषयीचे दप्तर मात्र आपल्याच दोन राज्यांना पुढे कित्येक वर्षे जुळविता आले नाही.

ही लहान संस्थाने १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाली, आणि १ मे १९४९ रोजी बडोदे. त्या दिवसापासून सुरत, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, धुळे हा सारा रस्ता इतिहासात क्वचितच असेल असा एका सरकारच्या हाती आला. ही स्थिती बरोबर अकरा वर्षे टिकली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले. सुरत जिल्हा गुजरातेत गेला, डांग गेला, ठाणे जिल्ह्यातील उंबरगावकडची व पश्चिम खानदेशातील काही गावे गेली, आणि नवापूर महाराष्ट्रात राहिले. त्या अकरा वर्षांत सर्व चालकांचे एक दप्तर झाले होते असे आमचे म्हणणे नाही. परंतु ते करावयाचे असते तर एका मंत्रालयाच्या एका परिपत्रकाने झाले असते. पुढे त्यासाठी संसदेस खपावे लागले. भाषावार राज्यरचनेच्या वादात सीमेच्या दोन्ही बाजूंनी गावे मोजली गेली, माणसे मोजली गेली, नदीचे पाणी मोजले गेले. चालकांच्या शेऱ्यांचे काय करावयाचे हा प्रश्न कोणाच्या मनात येण्याजोगा नव्हताच, आणि त्याबद्दल त्या पिढीस दोष देणेही बरे नव्हे.

नवापूरच्या रेल्वे स्थानकावर जो गेला आहे त्यास ही सीमा डोळ्यांनी पाहावयास मिळते. तेथे राज्याची हद्द फलाटावरून जाते. स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. प्रवासी एकाच बाकावर दोन राज्यांत बसून चहा घेतात. मागांच्या आणि कापडाच्या धंद्यामुळे खानदेशातील हजारो कुटुंबे सुरतेत येऊन राहिली. लिंबायत-उधना भागात अहिराणी कानी पडते. घर नंदुरबार जिल्ह्यात, पोट सुरतेत, असे हे लोक. त्यांतील चालकाने परवाना कोठे काढावा? कायद्याने, जेथे तो सामान्यतः राहतो किंवा धंदा करतो तेथे. आणि त्याच्या बाबतीत दोन्ही ठिकाणे तितकीच खरी होती. लबाडीची इच्छा नसतानाही एका माणसाचे दोन राज्यांत दोन परवाने होणे शक्य होते; इच्छा असल्यास तर फारच सोपे. एकावर शेरा पडला की दुसरा चालवावयास मोकळा.

योगायोग असा की ज्या वर्षी आपल्याकडे हे राज्य विभागले गेले, त्याच वर्षी अमेरिकेत याच दुखण्यावर औषध शोधले गेले. तेथे परवाना देणे हे ज्या त्या राज्याचे काम. एका राज्याने मद्यपानाबद्दल परवाना काढून घेतलेला मनुष्य शेजारच्या राज्यात जाऊन नवा परवाना घेई. १४ जुलै १९६० रोजी संमत झालेल्या कायद्याने त्यांच्या वाणिज्य खात्याने एक राष्ट्रीय सूची ठेवावी असे ठरले. मद्यप्राशन करून वाहन चालविल्यामुळे, अथवा जीवितहानी झालेल्या अपराधामुळे, ज्यांचे परवाने राज्यांनी काढून घेतले असतील त्यांची नावे त्या सूचीत यावयाची. पुढे १९८२ साली या व्यवस्थेत मोठा बदल झाला, आणि तो आमच्या प्रारंभीच्या उपाध्यायांच्या वह्यांची आठवण करून देणारा आहे. केंद्राने साऱ्या अपराधांचा तपशील आपल्याकडे न ठेवता केवळ नाव, जन्मतारीख अशी ओळख आणि ‘या माणसाची नोंद अमुक राज्याकडे आहे’ एवढेच दिग्दर्शन ठेवावे. तपशील त्या राज्याकडून मागवावा. ट्रक व बस चालविणाऱ्यांनी एकाहून अधिक परवाने बाळगू नयेत असा निर्बंध तेथे १९८६ साली आला.

आपल्या राज्यघटनेने यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत घातला. म्हणजे कायदा संसदेने करावयाचा, परवाना राज्याच्या कार्यालयाने द्यावयाचा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने परवाना साऱ्या भारतात चालेल असे सांगितले, आणि एक परवाना अमलात असताना दुसरा बाळगण्यास मनाई केली. दोन्ही तरतुदी उत्तम. राज्याने परवान्यांची नोंदवही ठेवावी आणि तिची प्रत केंद्रास विनामूल्य पाठवावी, हेही त्यात आले. परंतु त्या नोंदवहीचे जे रकाने कायद्याने नावानिशी सांगितले ते असे: परवानाधारकाचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, दिल्याची तारीख, संपण्याची तारीख, वाहनाचा प्रकार. बाकीचे रकाने केंद्राने ठरवावेत. अपात्रतेचा रकाना या यादीत नाही. ज्या वहीत माणसाचा पत्ता आहे आणि अपराध नाही, ती वही टपालखात्यास उपयोगी. रस्त्यावरच्या पादचाऱ्यास तिचा उपयोग कोणता? परवाना भारतभर धावला. शेरा जिल्ह्याच्या कचेरीत बसून राहिला.

या उणिवेचा भार शेवटी कोणावर पडला हे पाहावयाचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे. अपघातात गेलेल्या माणसाची विधवा एका बाजूस, विमा कंपनी दुसऱ्या बाजूस, आणि वाद कशाचा, तर चालकाचा परवाना खरा की बनावट याचा. दूरच्या जिल्ह्यातील कार्यालयास समन्स जाते, तेथील लिपिकाने दप्तर घेऊन यावे म्हणून तारखा पडतात, आणि तो येत नाही. आमच्या वकिलीतील कित्येक दुपारी अशा एकेका कागदाची वाट पाहण्यात गेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कमला खटल्यात सांगितले की बनावट परवान्याचे नूतनीकरण कोणी अधिकृत कार्यालयाने केले तरी तो खरा होत नाही. २००३ साली लेहरू खटल्यात त्याच न्यायालयाने मालकाची बाजूही पाहिली: चालक ठेवताना मालकाने परवाना वरकरणी ठीक आहे ना आणि माणसास गाडी चालविता येते ना एवढे पाहावे, देशभर पसरलेल्या परिवहन कार्यालयांत चौकशी करीत त्याने फिरावे ही अपेक्षा न्यायालयास विचित्र वाटली. दोन्ही निर्णय न्याय्य आहेत. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे मात्र असे दिसते की कार्यालयास दुसऱ्या कार्यालयाचे ठाऊक नाही, मालकाने विचारण्याची सोय नाही, आणि खोट्या कागदाची परीक्षा होते ती माणूस मेल्यानंतर. केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी देशातील सुमारे ३० टक्के परवाने बनावट असल्याचे एकाहून अधिक वेळा जाहीरपणे म्हटले आहे. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली, हा केंद्र सरकारच्याच अहवालातील आकडा.

सुरतेच्या वाचकास याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर दमणचे घ्यावे. गुजरातेत दारूबंदी आहे, ती १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची वारसदार. दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीज होते, पुढे केंद्रशासित झाले, २०२० पासून दादरा-नगरहवेलीसह एका केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे. तेथे बंदी नाही. सुट्टीच्या दिवशी सुरतेहून दमणकडे मोटारी कशासाठी जातात हे आम्ही सांगावयास नको. परतताना चालक सापडला तर तो दमणच्या हद्दीत सापडेल किंवा वापीजवळ गुजरातेत, किंवा मुंबईच्या बाजूस गेला असल्यास तलासरीपाशी महाराष्ट्रात. म्हणजे तीन सरकारे, आणि परवाना सुरतेचा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क हा मोटार कायद्याचा दंडक तिन्ही ठिकाणी एकच. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली सर्व राज्यांना सांगितले की मद्यपी चालकाचा, बेफाम वेगाने जाणाऱ्याचा, लाल दिवा ओलांडणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. निर्देश सर्व राज्यांना. तो पाळला गेल्याची वार्ता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पोहोचविणारा मार्ग मात्र तेव्हा अर्धवटच तयार होता.

तो मार्ग अखेर संगणकाने बांधला. परिवहन कार्यालयांच्या संगणक-प्रणालीस ‘सारथी’ असे नाव मिळाले आहे; ज्या कोणी हे ठेवले त्याची रसिकता मान्य केली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीचे कलम आले. राज्यांच्या नोंदवह्या तीत विलीन व्हाव्यात आणि तिच्यातील स्वतंत्र क्रमांकावाचून परवाना ग्राह्य धरू नये, असे त्यात म्हटले. आणि १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या नियमांनी, अपात्र ठरविलेल्या अथवा रद्द केलेल्या परवान्यांचा तपशील कालक्रमाने केंद्राच्या संकेतस्थळावर नोंदवावा असे बंधन घातले. १९८८ च्या यादीत जो रकाना नव्हता तो असा बत्तीस वर्षांनी आला. दरम्यान गुजरातेने नोव्हेंबर २०१९ मध्ये सीमेवरील परिवहन खात्याचे तपासणी नाकेही बंद केले. रस्त्यावरचा दांडा उठला आणि वहीतला आला, असे म्हणता येईल.

एवढ्याने आम्ही निश्चिंत आहोत काय? नाही, आणि त्याचे कारण यंत्राचे नव्हे. वहीत जे लिहिले जाईल तेच वहीत सापडेल. शिक्षा फर्माविणाऱ्या न्यायालयाने शेऱ्याचा तपशील परवाना देणाऱ्या आणि त्याचे शेवटचे नूतनीकरण करणाऱ्या, अशा दोन्ही कार्यालयांस कळवावा, हे कायद्यात आहेच. किती शिरस्तेदार ते पत्र लिहितात? दंड भरला, पावती घेतली, प्रकरण निकाली, एवढ्यावरच बहुधा काम आटोपते. शिवाय नावांचा घोळ आहे. एकच मनुष्य नंदुरबारच्या शाळेच्या दाखल्यात देवनागरीत एका रीतीने, सुरतेच्या कागदात गुजराती वळणाने आणि परवान्यावर इंग्रजी अक्षरांत तिसऱ्याच रीतीने लिहिलेला असतो. एका आडनावाचे, एका नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले दोन चालक लिंबायतीत सापडणे अशक्य नाही. एकाचा शेरा दुसऱ्याच्या कपाळी बसला तर त्याची रोजी जाईल, आणि ज्याने माणूस चिरडला तो सुखाने बस चालवील. उपाध्यायाची वही चुकत नाही ती यासाठी की तेथे यजमान स्वतः समोर बसलेला असतो आणि आजोबांचे नाव स्वतः सांगतो. राष्ट्रीय वहीत चालकास आपली नोंद पाहण्याची व चूक दाखविण्याची तशीच सोपी वाट असली पाहिजे, असे आमचे मत आहे.

आणखी एका कलमाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो, कारण त्याची आठवण फारशी कोणास राहिलेली दिसत नाही. ज्याच्या परवान्यावर शेरा पडला त्याने सलग तीन वर्षे दुसरा शेरा पडू दिला नाही, तर जुना परवाना परत करून आणि पाच रुपये शुल्क भरून त्यास शेऱ्यावाचून कोरा परवाना मागता येतो. केवळ वेगमर्यादेचा अपराध असेल तर एक वर्ष पुरे. अपात्रतेचा काळ मात्र त्यात धरावयाचा नाही. कायदा करणाऱ्यांनी शिक्षेबरोबर क्षमेचीही मुदत लिहून ठेविली होती.

काही वर्षांपूर्वी एक वयस्क ट्रकचालक आमच्याकडे आला. घर नंदुरबारकडचे, परवाना धुळ्याचा, शेरा सुरतेच्या न्यायालयाचा. त्याचे सोबती अशा वेळी काय करतात हे त्यास पुरते ठाऊक होते. दुसरीकडे जाऊन दुसऱ्या पत्त्यावर दुसरा परवाना काढणे ही त्याच्या धंद्यातील नित्याची वाट. त्याने ते केले नव्हते. तीन वर्षे होऊन चार महिने लोटले होते. तो म्हणाला, “वकीलसाहेब, कुनी सांगितलं का साफ लायसन मियतं. कुठं मियतं?” ज्या खिडकीवर तो आधी गेला होता तेथील माणसास हे कलम ठाऊक नव्हते. त्याने हसून त्यास नवेच लायसन काढण्याचा सल्ला दिला होता. आम्ही अर्ज लिहिला, कलम उद्धृत केले, शिक्षेच्या हुकमाची नक्कल जोडली, आणि कोणत्या राज्याच्या कार्यालयास पाठवावा याचा निश्चय न झाल्यामुळे धुळे आणि सुरत या दोन्ही ठिकाणी नोंदणी-टपालाने पाठविला. त्याने दोन्ही पावत्या रुमालात बांधून घेतल्या.